पाठमोरी सीट

आमच्या गावात माणसं तीनशे अकरा. हा आकडा गावातल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, चुकायचा नाही. मोजणी झाली तेव्हा दोरवाले आप्पा मास्तरांबरोबर स्वतः घरोघर फिरले होते आणि एक माणूसही गळू दिला नव्हता. गळला तो त्यांचाच मुलगा. तो लांबच्या खाणीवर यंत्र चालवतो आणि तीन-तीन महिन्यांनी घरी येतो. मास्तर म्हणाले, "आप्पा, जो इथे झोपतो तो इथला." आप्पा दोन दिवस मास्तरांशी बोलले नाहीत.

गावापासून फाटा साडेचार किलोमीटर. फाट्यावर मोठी सडक, सडकेवर बस. फाट्यापर्यंत पाय. आता एवढं अंतर रोज दोनदा तुडवायचं म्हणजे माणूस कुरकुर करणार, असं बाहेरच्याला वाटेल. आमच्याकडे उलटं. आमच्याकडे चालण्याचा ताठा आहे. कोण किती वेळात फाटा गाठतो याच्या गप्पा निघतात, आणि पाहुणा वाटेत दोनदा बसला तर त्याच्या तीन पिढ्यांचा उद्धार होतो. या ताठ्याचे मूळपुरुष आप्पा. वय सत्तरीच्या पुढे, पण पोटऱ्या अशा की दगड आपटावा. दोर वळणाऱ्याचा धंदाच चालण्याचा, तोही मागे मागे. कमरेला तागाचा भारा गुंडाळायचा, त्याचं टोक चाकाच्या आकड्यात अडकवायचं, समोरचं माणूस चाक फिरवत राहणार आणि आपण बोटांतून ताग सोडत ऐंशी पावलं मागे जायचं. मग पुन्हा पुढे येऊन पुन्हा मागे. आप्पांनी जन्मभरात मागे चालत किती मुलूख तुडवला असेल, देव जाणे.

बसचा अर्ज मास्तरांनी लिहिला. तो आगारात नेऊन द्यायचं काम आप्पांनी अंगावर घेतलं आणि नऊ खेपा घातल्या. आठव्या खेपेला तिथला कारकून म्हणाला, "तीनशे अकरा माणसांसाठी बस? त्यापेक्षा एक घोडा घ्या."

आप्पा म्हणाले, "घोडा तुम्ही घ्या. आम्हाला पाय आहेत. बस गावाच्या मानासाठी पाहिजे."

नवव्या खेपेला हुकूम मिळाला. पंधरा दिवस बस येईल, चाचणी म्हणून. पुढचं पुढे.

आम्ही रस्ता झाडून काढला. घरटी चार टोपल्या मुरूम टाकून खड्डे बुजवले. वाकलेली एक फांदी बसच्या टपाला लागेल म्हणून छाटली. पहिल्या दिवशी सकाळी आठ वाजता बस आली तेव्हा अंथरुणाला खिळलेली दोन माणसं सोडून सगळं गाव चिंचेखाली जमलं होतं. थांबा तिथेच ठरला होता. आणि चिंचेपासूनच आप्पांची दोर वळायची ऐंशी पावलांची पट्टी सुरू होते. म्हणजे बसमध्ये चढायचं तर आप्पांच्या डोळ्यांदेखत.

आप्पा त्या दिवशीही कामावरच होते. चाकावर त्यांची सून. आप्पा मागे मागे सरकत होते, आणि गावचा न्हावी, धोकटी काखेत मारून, बसच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवत होता. आप्पांनी तो पाय पाहिला.

"काय रे," ते लांबून ओरडले, "पायांना धाड भरली काय तुझ्या?"

सगळे खो-खो हसले. न्हावीही हसला. आणि त्यानं पाय खाली घेतला.

आप्पांनी हे थट्टेत म्हटलं होतं. पण आप्पांचा शब्द म्हणजे दोराची गाठ, पडली की सुटत नाही. न्हाव्याच्या मागे जे पंधरा-वीस जण उभे होते ते इकडेतिकडे बघायला लागले. धडधाकट माणसानं कशाला जागा अडवायची, म्हाताऱ्यांना बसू द्या, असं कुणीतरी म्हणालं. म्हातारे म्हणाले, आम्हाला काय झालंय, बायांना बसू द्या. बाया म्हणाल्या, इश्श, आम्ही रोज जातो की. शेवटी माहेरी निघालेली एक ओली बाळंतीण आणि तिची आई, अशा दोघीच चढल्या. आम्ही सगळ्यांनी हात हलवून बसला निरोप दिला आणि आपापली गाठोडी उचलून तिच्या मागे चालायला लागलो.

पुढे रोज हेच. सकाळी रस्त्यावर माणसंच माणसं, सगळी फाट्याकडे निघालेली, आणि त्यांच्यामधून आमची बस रिकामी चाललेली. ती मागून आली की आम्ही बाजूला होऊन अभिमानानं हात करायचो. ड्रायव्हर करकचून ब्रेक मारायचा. कंडक्टरबाई दारातून वाकून म्हणायच्या, "या, या, लवकर चढा."

"नाही, नाही, जा तुम्ही. सहज हात केला."

तिसऱ्या दिवसापासून ड्रायव्हरनं आमच्याकडे बघणंच सोडलं.

आप्पांची सून या सगळ्यात गप्प होती. तिचा मुळात स्वभावच तसा. लग्न होऊन आली तेव्हा तिला दोरातलं ओ की ठो कळत नव्हतं. सासूनं सहा महिन्यांत तयार केली आणि डोळे मिटले. तेव्हापासून अकरा वर्षं चाक तिच्या हाती. पहाटे खिळ्यांच्या फणीवर ताग विंचरायचा, मग चाक, दुपारी तीन पेडांचा पीळ घालायचा, संध्याकाळी वेटोळी बांधायची. आणि आठवड्यातून तीनदा ती वेटोळी डोक्यावर घेऊन फाटा, तिथून मोठ्या गावचा बाजार. ओल्या हवेत ताग पाणी पितो आणि ओझं दीडपट होतं. डोक्यावरच्या फडक्याच्या चुंबळीखाली तिचे केस विरळ झाले होते.

दोन महिन्यांपूर्वी बाजारच्या दिवशी ती तिथल्या डॉक्टरीणबाईंकडे गेली होती. उजव्या हाताची तीन बोटं मेल्यासारखी झाली होती. डॉक्टरीणबाईंनी मान दाबून पाहिली, बोटांना टाचणी टोचली.

"कळतंय?"

"नाही."

"मुंग्या येतात?"

"आधी यायच्या. आता त्याही येत नाहीत."

"मुंग्या येत होत्या तोवर बरं होतं. मानेतली शीर दबलीय. डोक्यावरचं ओझं आजपासून बंद. नाहीतर हात कायमचा जाईल, मग माझ्याकडे येऊन उपयोग नाही."

ओझं बंद म्हणजे बाजार बंद, बाजार बंद म्हणजे चाक बंद. चाक बंद पडलं तर आप्पा कुणाच्या समोर मागे मागे चालणार? तिनं घरी काहीच सांगितलं नाही. बस येणार असं ठरलं तेव्हा साऱ्या गावात मनापासून आनंद झाला असेल तर तिला. टपावर वेटोळी टाकायची आणि मोकळ्या मानेनं बसायचं. पण पहिल्या दिवशी ती चाकावर होती आणि आप्पांचं ते वाक्य तिनंही ऐकलं होतं. ज्या घरातून गावाला टोमणा मिळाला त्याच घरच्या सुनेनं बसमध्ये चढायचं? तिनं दुसऱ्या दिवशी डोक्यावर चुंबळ ठेवली, वेटोळी घेतली आणि चालू लागली.

नवव्या दिवशी बस तिच्याशेजारी येऊन थांबली. तिनं हात केला नव्हता. कंडक्टरबाई खालीच उतरल्या.

"ताई, बसा. मान बघा तुमची, एकीकडे वळलीय."

"नको. बघतील कोणी."

"बघू देत की! अहो, तुमचं गाव आहे की काय आहे? मी बावीस वर्षं या नोकरीत आहे. बस नाही म्हणून रडणारी गावं पाहिली, बसवर दगड मारणारी पाहिली. बसला टाटा करणारं पहिलंच." त्यांनी कागद पुढे धरला. "हे बघा. दोन, तीन, एक, चार, दोन. पंधराव्या दिवशी साहेब स्वतः येणार आहेत. गाडीत तीस माणसं दिसली नाहीत तर गाडी बंद. मग पुन्हा अर्ज करून बघा, दहा वर्षं तरी कोणी उघडणार नाही."

तिनं ते ऐकलं आणि ओझ्यासकट मटकन कडेच्या दगडावर बसली.

संध्याकाळी वेटोळी बांधताना तिनं आप्पांजवळ विषय काढला.

"आप्पा, बस बंद होणार म्हणतात. माणसं बसत नाहीत म्हणून."

"माणसं नाहीत? तीनशे अकरा आहेत. लिहून दिलीत मी."

"गावातली नाही हो, बसमधली मोजतात."

"बसमधली कशाला मोजायची? गाव काय बसमध्ये राहतं?" आप्पा चिडले. "त्यांना म्हणावं, रस्त्यावर या आणि मोजा. एकेकाची चाल बघा."

"चाल बघून बस देत नाहीत, आप्पा."

"मग काय पांगळ्यांनाच देतात?"

ती वेटोळी बांधत राहिली. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात. इथे तर सुंभ अजून धडधाकट होता.

बाराव्या दिवशी ओलसर हवा होती, पेड घालायला चांगली. आप्पांनी सकाळी सुनेनं विंचरलेला ताग कमरेला गुंडाळला आणि मागे निघाले. दहा पावलं, वीस पावलं. चाक नेहमीसारखं घुमत होतं. मात्र दोरात काहीतरी वेगळं होतं. आप्पांना दोर धरून समोरच्या माणसाची तब्येत कळते. बायको गेली त्याआधी महिनाभर त्यांना पेडात थरथर जाणवत होती, तेव्हा चाकाचाच दोष समजून त्यांनी चाकाला तेल घातलं होतं. या चुकीबद्दल ते कधी कुणाशी बोलले नाहीत. आज तशीच थरथर होती.

तीस पावलांवर त्यांच्या बोटांतून तांबडा ताग निघाला.

त्यांनी आधी आपली बोटं पाहिली. बोटं कोरडी होती. कमरेचा भारा उसवून पाहिला तर आत हातभर ताग रक्तानं माखला होता, सुकून कडक झाला होता. आप्पा दोर सोडून पुढे चालत आले. कामात असताना दोर सोडताना आम्ही त्यांना पहिल्यांदा पाहिलं.

"हात दाखव."

सुनेनं हात पुढे केला आणि तिलाही तेव्हाच कळलं. पहाटेच्या अंधारात फणीचा खिळा दोन बोटांत आरपार शिरून निघाला होता. पहाटेपासून ती तशाच बोटांनी काम करत होती.

"दुखलं नाही तुला?"

"नाही."

"का नाही?"

मग तिला सगळं सांगावं लागलं. मान, शीर, टाचणी, डॉक्टरीणबाई. आप्पा ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी आपल्या डोक्याचं पागोटं सोडलं, त्याची चिंधी फाडली आणि तिची बोटं बांधली. मग घरात जाऊन चुंबळ आणली, स्वतःच्या डोक्यावर ठेवली, आणि बाजारासाठी बांधून ठेवलेली वेटोळी एकट्यानं उचलून वर घेतली. दारापासून चिंचेपर्यंत गेले. मग परत फिरले. ओझं उतरवलं तेव्हा त्यांची मान थोडा वेळ तिरकीच राहिली.

"किती वर्षं वाहतेस हे?"

"अकरा."

"मी पाय बघत बसलो सगळ्यांचे," आप्पा म्हणाले. "मान कुणाचीच पाहिली नाही."

त्या दिवशी चाक फिरलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आप्पा दिवसभर पट्टीवर नुसते बसून होते आणि आम्ही त्यांच्या वाऱ्यालाही उभे राहिलो नाही.

चौदाव्या दिवशी बस आली. नेहमीसारखं गाव चिंचेखाली होतं, नेहमीसारखं चालायच्या तयारीत. आप्पा घरातून निघाले. अंगात धुतलेला सदरा, दाढी केलेली, खांद्यावर वेटोळी. मागे सून, मोकळ्या डोक्यानं आणि खाली मान घालून. आप्पांनी वेटोळी टपावर चढवायला दिली, ती बांधायला असलेली जुनाट दोरी पाहून तोंड वाकडं केलं, आपल्या भाऱ्यातला दोर काढून दिला आणि दाराशी आले. पायरीपाशी न्हावी उभा होता.

"सरक," आप्पा म्हणाले.

"आप्पा, तुम्ही? बसनं?"

आप्पांनी आवाज एवढा चढवला की पट्टीच्या दुसऱ्या टोकालाही ऐकू जावा.

"पायांना धाड भरलीय माझ्या. सरक!"

कोणी हसलं नाही. सत्तरी उलटलेला माणूस आपलाच शब्द सगळ्यांसमोर परत गिळत होता, आणि ताठ मानेनं गिळत होता. आप्पा आत गेले. ड्रायव्हरच्या पाठीमागे एक सीट असते, तिचं तोंड मागे. तिथे बसलं की मळमळतं म्हणून कोणी बसत नाही. आप्पा नेमके तिथे बसले.

"आजोबा, इकडे बसा, सरळ," कंडक्टरबाई म्हणाल्या. "तिथे चक्कर येईल."

"मला पाठमोरं जायची सवय आहे, बाई. सरळ बसलो तर चक्कर येईल."

सीटचा फोम फाटून स्प्रिंग वर आली होती. सुनेनं पिशवीतून चुंबळ काढली आणि त्यांच्याखाली सरकवली. बाहेर न्हावी एकदा बसकडे, एकदा आपल्या पायांकडे बघत होता. "माझ्याही भरलीय," असं म्हणून तो चढला. मग जी रीघ लागली, विचारू नका. कुणाचे गुडघे, कुणाची कंबर, कुणाच्या टाचा, चौदा दिवस आणि त्याआधीची चाळीस वर्षं न दुखलेलं सगळं त्या सकाळी एकदम दुखायला लागलं. कंडक्टरबाईंनी एकोणसाठ तिकिटं फाडली.

बस निघाली. मागच्या काचेतून रस्ता आप्पांपासून लांब लांब जात होता. ते टक लावून बघत राहिले.

पंधराव्या दिवशी साहेब आले. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. साहेबांनी उतारू मोजले, मग कागद पाहिला.

"तेरा दिवस दोन-तीन माणसं, आणि काल-आज एवढी? हा देखावा आहे. मी येणार म्हणून गोळा केलीत. उद्या कोण येणार?"

मास्तर काहीतरी नम्र बोलायच्या बेतात होते. त्याआधी पाठमोऱ्या सीटवरून आप्पा उठले.

"साहेब, देखावा आम्ही तेरा दिवस केला. चालण्याचा. त्याचा पुढारी मीच. आजचं खरं आहे."

"कशावरून?"

"अजून पंधरा दिवस द्या. रोज तीसच्या वर माणूस मोजून देतो. एक दिवस कमी भरला तर बस न्या, आणि अर्ज घेऊन मी पुन्हा आलो तर मला दारातून हाकला. तीनशे अकरा माणसांच्या गावाचा शब्द आहे."

साहेबांनी कागदावर पंधरा दिवस वाढवून सही केली.

सोळाव्या दिवशी सकाळी आठला पाच कमी असताना चिंचेखाली फक्त आप्पा आणि सून. बस आली, उभी राहिली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. कोणी नाही. आप्पा पायरीवर एक पाय ठेवून गल्लीकडे बघत होते, चेहऱ्यावरची सुरकुती हलत नव्हती. दुसरा हॉर्न झाला. मग गल्लीच्या तोंडाशी न्हावी दिसला, एका हातानं धोकटी आणि दुसऱ्या हातानं मास्तरांना ओढत. मास्तरांच्या अर्ध्या गालावर अजून साबण होता.

"थांबा हो! सगळ्यांनाच दाढ्या करायच्यात! बसनं जायचं म्हणजे काय असंच जायचं?"

त्यांच्यामागून गाव आलं. चोपून भांग पाडलेलं, धुतलेल्या कपड्यांतलं गाव. आप्पांनी दारात उभं राहून एकेक मोजून आत घेतला. बेचाळीस.

पुढचा एकही दिवस तीसच्या खाली गेला नाही. पेरणीच्या घाईतही नाही. एकदा एकोणतीसच भरले तेव्हा एका आजीबाईंना काही काम नसताना फाट्यापर्यंत फिरवून आणलं, आणि त्या उतरताना म्हणाल्या, "उद्या कमी पडले तरी सांगा."

तिसाव्या दिवशी साहेब फाट्यावर चढले, मोजलं, कागद चाळले आणि गाडीतच सही केली. बस कायम. मास्तरांनी टाळी वाजवायला हात उचलले.

त्याच वेळी खिडकीशी बसलेल्या सुनेनं मांडीवरचा उजवा हात वर धरला. अठरा दिवस त्या मानेवर काही चढलं नव्हतं. ती बोटं उघडत होती, मिटत होती.

"आप्पा," ती म्हणाली, "मुंग्या आल्या."

आप्पा पाठमोऱ्या सीटवर असल्यामुळे तिच्या अगदी समोर होते. त्यांनी तिची तीन बोटं आपल्या मुठीत घेतली, कच्चा पेड धरावा तशी, आणि दाबून पाहिली.

"आता?"

"कळतंय."

"जोरात?"

"दुखतंय, आप्पा!"

आप्पा ताडकन उभे राहिले. बस वळणावर होती, टपाला डोकं आपटलं, पण त्यांना पत्ता नव्हता.

"ऐका रे!" ते गाडीभर ओरडले. "माझ्या सुनेच्या हाताला मुंग्या आल्या!"

मुंग्या येण्यात एवढं काय आहे, ते आमच्यातल्या निम्म्यांना त्या वेळी कळलं नाही. पण आप्पा उभे राहून सांगतायत म्हणजे बातमी मोठीच असणार. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनीही वाजवल्या, आणि शेजारच्या न्हाव्याला हळूच विचारलं, "काय झालं?"

"ते माहीत नाही, साहेब," न्हावी टाळ्या न थांबवता म्हणाला. "पण आमच्या गावात झालंय."